सरकारी आयटीआय की संस्थेची शाखा? इलेक्ट्रिशियनला घालण्याआधी

आयटीआयचे विकल्प भरायचे दिवस आणि पेरणीचे दिवस एकच. त्यामुळे आमच्याकडे हा निर्णय बहुतेक घरांत वावरातून आल्यावर, रात्री घाईघाईत होतो. आमच्या घरात दोन्ही करून झालं आहे. थोरला एका मोठ्या खासगी शिक्षण संस्थेच्या आयटीआय शाखेतून इलेक्ट्रिशियन झाला. धाकटी त्याच ट्रेडला सरकारी आयटीआयत दुसऱ्या वर्षाला आहे. मी स्वतः मोटार रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळायचं काम करतो, त्यामुळे पोरं काय शिकून येतात ते मला दुकानातच कळतं.

दोन वर्षांची मुदत, वीस जणांची तुकडी, शेवटची अखिल भारतीय परीक्षा, राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र, हे दोन्हीकडे सारखंच. फीचा फरक तुम्हाला ठाऊक आहे.

संस्थांना मी नावं ठेवणार नाही. १९३२ साली पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली, आणि वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुलांना हायस्कूल, कॉलेजची दारं उघडली. तसं काम पुढे लहानमोठ्या कितीतरी संस्थांनी केलं. १९८३ साली राज्याने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हापासून बऱ्याच संस्था तांत्रिक शिक्षणाकडे वळल्या. थोरला शिकला ती संस्थाही अशीच वाढली: आधी शाळा, मग ज्युनिअर कॉलेज, मग आयटीआय, आणि आता चार तालुक्यांत शाखा. सरकारी आयटीआयचं मूळ वेगळं. १९५० साली केंद्राने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली ती कारखान्यांना हात हवे होते म्हणून. तिथे आधी वर्कशॉप, मग वर्ग.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे शाळेची शाखा दोन खोल्या आणि एक फळा मिळाला की सुरू होते. आयटीआयच्या शाखेला थ्री-फेज लागतो, मोटारी लागतात, आणि त्या उघडून दाखवणारा माणूस रोज तिथे हजर लागतो. माझं घोडं नेमकं इथेच अडलं.

थोरल्याची थेअरी शाखेत व्हायची आणि मोठं प्रॅक्टिकल मुख्य कॅम्पसला, दर गुरुवारी. सकाळची एसटी वेळेवर आली तर साडेदहाला पोचायचा. चार शाखांची पोरं त्याच दिवशी यायची. स्टार-डेल्टा स्टार्टरच्या, म्हणजे मोठी मोटार झटका न देता चालू करायच्या जोडणीच्या, एका पॅनलभोवती पंधरावीस जण उभे. एक जोडणी करतो, बाकीचे बघतात. त्याचा नंबर लागेपर्यंत परतीच्या गाडीची वेळ व्हायची. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तो गुरुवार गेलाच, आणि गेलेला गुरुवार पुन्हा भरून मिळत नव्हता. शिकवणारे सर चांगले होते, पण तेही आज या शाखेत, उद्या त्या शाखेत. दोन वर्षांनी पास होऊन घरी आला तेव्हा त्याला स्टार-डेल्टाची आकृती डोळे मिटून काढता येत होती. पाच एचपीच्या मोटारीला मेगर, म्हणजे तिचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावायला मात्र मी शिकवलं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण त्यात त्याची काहीच चूक नव्हती.

सरकारीतही सगळं आलबेल आहे असं नाही. निदेशकाची जागा रिकामी राहिली की एकाच सरांवर दोन तुकड्या येतात. मेरिट वर जातं, पहिल्या फेरीत नंबर लागेलच असं नाही. पोरगं चार दिवस आलं नाही तर घरी फोन येईलच याची खात्री नाही. संस्थेतून फोन यायचा. अप्रेंटिसशिपच्या मुलाखतींनाही संस्थेनेच धावपळ केली, थोरला नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत लागला तो त्यामुळेच. हे मी विसरत नाही.

पण धाकटीच्या प्रवेशाच्या वेळी सरकारी वर्कशॉपात गेलो तेव्हा भिंतीवरच्या वायरिंगच्या लाकडी बोर्डांना हात लावून पाहिला. स्क्रूच्या भोकांनी फळ्यांची चाळण झाली होती. एवढी भोकं म्हणजे किती पोरांनी तिथे होल्डर बसवून काढला असेल! शाखेतल्या बोर्डावर रंगही शाबूत होता. मला तेवढं पुरलं. धाकटी आता अर्ध्या तिकिटात जाते-येते, आणि जाते तिथेच तिचं वर्कशॉप आहे. मागच्या हंगामात शेजारच्या वावरातली मोटार ट्रिप होत होती, तर तिने मला हाक न मारता कॉन्टॅक्टरचे, म्हणजे स्टार्टरमधल्या मोटार चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, जळके पॉइंट काढून दाखवले.

माझा अनुभव एका घरापुरता आहे, तुमच्याकडची शाखा वेगळी असू शकते. तुमचं गाव संस्थेच्या मुख्य कॅम्पसलाच लागून असेल, तर मी सरकारीचा आग्रह धरणार नाही. शाखेत घालणार असाल तर मात्र पैसे भरण्याआधी कामाच्या दिवशी दुपारी दोनला, न सांगता, तिथल्या वर्कशॉपात जा. कुलूप आहे का ते बघा. उघडं असेल तर बोर्डाची भोकंही बघा.