रंगाखाली दडवलेला तडा

जुन्या गाडीचा एग्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणारा भाग, दुरुस्तीला देणार असाल, तर हे आधी वाचा.

माझ्या गाडीचं इंजिन सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचं आणि मॅनिफोल्ड लांबलचक, बिडाचा (ओतीव लोखंडाचा). थंड इंजिन सुरू केलं की टिकटिक ऐकू यायची, तापल्यावर थांबायची. बीड तापून प्रसरण पावलं की फट मिटते, म्हणून असं होतं. मधल्या पोर्टांजवळ (धूर आत येण्याच्या तोंडांजवळ) तडा सापडला, कडेला काजळीची रेघ.

जुन्या इंजिनांचं काम करतो म्हणणाऱ्या एका कारागिराकडे तो दिला. 'अख्खा तापवून निकेलच्या रॉडने वेल्ड करतो, फेसिंगही मारून देतो,' असं त्याने कबूल केलं आणि सगळी मजुरी आगाऊ घेतली. फेसिंग म्हणजे इंजिनाला टेकणारी बाजू सपाट करणं. मॅनिफोल्ड परत आला तो चंदेरी हीटप्रूफ रंगात.

थोड्याच दिवसांत टिकटिक परतली आणि गाडीत धुराचा वास येऊ लागला. मॅनिफोल्ड उतरवून तारेच्या ब्रशने रंग काढला, तर तड्यात धातूची पूड मिसळलेली इपॉक्सी पुट्टी, जळून भुसभुशीत झालेली. वेल्डिंगचा एक थेंब नाही. अशी पुट्टी 250 ते 300 अंश सेल्सियसपर्यंत कशीबशी तग धरते. चढावर मॅनिफोल्ड 500 च्या वर सहज जातो. फेसिंगही झालंच नव्हतं. फ्लँजवर, म्हणजे त्या टेकणाऱ्या बाजूवर, जुन्या गॅस्केटचे (सांधा बंद करणाऱ्या चकतीचे) डाग तसेच होते आणि स्ट्रेट एज (सरळ पट्टी) लावल्यावर दोन्ही टोकांना फट दिसत होती. जाब विचारला, तर म्हणाला, 'तुमचं बीडच कुजलेलं होतं.'

पैसे गेले त्याहून मला संताप आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो. बंद काचांच्या गाडीत तो शिरला, तर माणूस दगावू शकतो. पुट्टी भरून वर रंग फासणाऱ्याला हे ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

म्हणून काम रंगाशिवाय, उघडं ताब्यात घ्या. तसं द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून वस्तू उचलून आणा. जोडावर कानस फिरवा: धातू चकाकतो, पुट्टीची पूड पडते. समोर डाय पेनेट्रंट (तड्यात झिरपणारा लाल रंग) मारायला सांगा; तडा उरला असेल तर नंतर मारलेल्या पांढऱ्या डेव्हलपरच्या थरावर लाल रेघ उमटते. खऱ्या कामात तड्याच्या टोकांना भोक पाडून तो पुढे सरकणं थांबवतात, इंग्रजी व्हीसारखी खाच घेतात आणि वेल्ड झाल्यावर तुकडा राखेत किंवा कोरड्या चुन्यात पुरून सावकाश निववतात. साध्या स्टीलच्या रॉडने घाईत ओढलेला जोड शेजारीच पुन्हा फुटतो.

वाकडा फ्लँज नट आवळून सरळ करतो म्हणणाऱ्यालाही थारा देऊ नका. दोन फूट लांबीचं बीड 500 अंशांनी तापलं तर सुमारे 3 मिलिमीटर वाढतं. त्याला सरकायला जागा हवी, म्हणून मॅनिफोल्डची भोकं स्टडपेक्षा (त्यातून जाणाऱ्या आट्यांच्या दांड्यांपेक्षा) थोडी मोठी असतात. नट मधून टोकांकडे, ठरलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोरानेच) आवळायचे आणि इंजिन एकदा तापून थंड झालं की पुन्हा तपासायचे. सायलेन्सरच्या पाइपाचे हँगर (पाइप टांगून धरणारे आधार) तुटलेले असतील, तर सगळं वजन मॅनिफोल्डवर लोंबकळतं. इग्निशनचं टायमिंग मागे पडलं असेल (ठिणगी उशिरा पडत असेल) किंवा हवा-इंधनाचं मिश्रण पातळ (इंधन कमी) असेल, तर धूर बेसुमार तापतो. ही कारणं तशीच राहिली, तर उत्तम वेल्डही टिकणार नाही. माझा तडाही बहुधा तुटलेल्या हँगरमुळेच पडला होता, आणि मॅनिफोल्ड घेताना त्या कारागिराने त्याबद्दल एका शब्दानेही विचारलं नव्हतं.