जुना फ्लॅश, काट्याचा मीटर आणि "सेफ" अडॅप्टर : माझी कशी फसवणूक झाली

फिल्म कॅमेरे सध्या परत बरेच जण घेतायत आणि त्यांच्यासोबत जुने फ्लॅश पण धडाधड विकले जातायत, म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझ्यासोबत जे झालं ते चुकून झालेलं नाही, ठरवून केलेलं होतं, आणि तोच प्रकार दुसऱ्या कुणाबरोबर होऊ नये एवढंच वाटतं. दुकानाचं नाव लिहीत नाही, पुण्यातलं आहे, जुने कॅमेरे लेन्स वगैरे विकणारं.

माझ्याकडे कॅनॉनचा ईओएस ३०० आहे, १९९९ सालचा, फिल्मवाला. मामेबहिणीचा साखरपुडा होता, कॅमेऱ्याचा आतला फ्लॅश हॉलमध्ये पुरत नाही आणि कॅनॉनचा चांगला फ्लॅश बजेटबाहेर, म्हणून व्हिविटार २८३ बघायला गेलो. एकेकाळी लग्नाच्या फोटोग्राफर लोकांचा लाडका फ्लॅश, १०० आयएसओच्या फिल्मला १२० फुटांचा गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचं माप), पुढे सेन्सर असल्यामुळे कुठल्याही कॅमेऱ्यावर ऑटोमध्ये चालतो, डोकं वर करून छतावर मारता येतो. वस्तू म्हणून मला तो आजही आवडतो, माझी तक्रार फ्लॅशबद्दल नाहीच.

भानगड आहे ती ट्रिगर व्होल्टेजची, म्हणजे फ्लॅश पाडायच्या पिनवरून कॅमेऱ्याला लागणाऱ्या व्होल्टेजची. सेल १.५ व्होल्टचे असले तरी फ्लॅशच्या आत ते वाढवून ३०० व्होल्टच्या आसपास नेतात, आणि जुन्या फ्लॅशमध्ये यातलं बरंचसं व्होल्टेज थेट खालच्या मधल्या पिनवर येतं. पेंटॅक्स के१००० सारख्या मेकॅनिकल कॅमेऱ्यात तिथे नुसते पत्र्याचे दोन काँटॅक्ट एकमेकांना टेकतात, त्यांना २५० व्होल्टनं लगेच काही होत नाही. इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यात मात्र स्विचचं हे काम छोटासा सेमीकंडक्टर, म्हणजे नाजूक इलेक्ट्रॉनिक पार्ट, करतो. १९९२ च्या आयएसओ १०३३० स्टँडर्डमध्ये कॅमेऱ्यानं २४ व्होल्ट सोसावेत असं आहे, कॅनॉनच्या बऱ्याच ईओएस बॉडींसाठी तर ६ व्होल्टचाच आकडा सांगितला जातो. २८३ चे जपानमध्ये बनलेले जुने नग बहुतेक २०० च्या वर असतात, नंतरचे कोरिया चायनावाले बरेच कमी, पण बाहेरून बघून खात्री देता येत नाही.

हे सगळं मला माहिती होतं आणि मी दुकानात पहिला प्रश्न हाच विचारला. दुकानातले काका म्हणाले, "साहेब, मोजूनच देतो ना, विश्वास ठेवू नका, डोळ्यांनी बघा." काट्याचा छोटा मीटर काढला, फ्लॅश चालू केला, रेडीचा दिवा लागला, पिनला वायरी लावल्या आणि काटा पाचच्या जवळ थांबला. वर म्हणाले, "तरी मनात शंका नको, हा प्रोटेक्टर घेऊन जा," आणि काळा चौकोनी अडॅप्टर दिला, त्यावर "एचव्ही सेफ" (म्हणजे हाय व्होल्टेजला सेफ) असा स्टिकर. त्याचे नऊशे वेगळे. चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं लिहून दिलं, फ्लॅश लो व्होल्ट, चेक करून दिला.

साखरपुड्यात एम (मॅन्युअल) मोडवर शटर १/९० सेकंद ठेवून फोटो काढत होतो, अर्धा रोल छान गेला. मग अंगठ्या घालायच्या वेळी फ्लॅश पडेचना. काढून परत शूमध्ये (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच, हॉटशू) सरकवला तर बटण न दाबताच एकदा पडला आणि त्यानंतर कितीही शटर मारा, काही नाही. ही खूण लक्षात ठेवा. फ्लॅश लावल्याबरोबर एकदा आपोआप पडतो आणि मग गप्प बसतो म्हणजे कॅमेऱ्यातला तो पार्ट कायमचा शॉर्ट झालाय, स्विच कायम दाबलेलाच असल्यासारखा. रोल धुवून आला तेव्हा त्यापुढच्या सगळ्या फ्रेम काळ्याकुट्ट, आजी अंगठीचा डबा घेऊन उभी होती तो फोटो पण त्यातच गेला. रिपेअरवाल्यानं सांगितलं की ह्याचा पार्ट आता मिळत नाही, दुसरी बंद बॉडी आणून त्यातला काढून टाकावा लागेल.

मग मित्राचा डिजिटल मल्टिमीटर आणून मोजलं, २३८ व्होल्ट. अडॅप्टर मध्ये घालून खालच्या पिनवर मोजलं, तरी २३८. अडॅप्टर उघडला तर आत सर्किट नाहीच, वरच्या काँटॅक्टवरून खालच्या पिनपर्यंत दोन वायरी आणि बाजूच्या सिंक सॉकेटला जोडलेल्या आणखी दोन. साधा हॉटशू अडॅप्टर, स्टिकर वरून चिकटवलेला.

आणि मीटरची गोष्ट तर जास्त चीड आणणारी आहे. त्या पिनच्या मागे फ्लॅशमध्ये मोठा रेझिस्टर असतो, धरा १ मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम. स्वस्तातल्या काट्याच्या मीटरचा १० व्होल्टच्या रेंजवर स्वतःचा रेझिस्टन्स असतो साधारण २० हजार ओहम. म्हणजे मीटर लावल्याबरोबर व्होल्टेज खाली बसतं आणि २४० पैकी मीटरच्या वाट्याला जेमतेम पाच येतात. काटा खोटा नव्हता, पण त्यानं दाखवलेलं व्होल्टेज कॅमेऱ्याला मिळणारं व्होल्टेज नव्हतं. डिजिटल मीटरचा रेझिस्टन्स सहसा १० मेगओहम असतो म्हणून तो खऱ्याच्या जवळ जातो. आणि काकांना हे माहिती नव्हतं असं मी मानत नाही, कारण त्याच काउंटरवर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बॅटऱ्या ते डिजिटल मीटरनं मोजत होते.

परत गेलो तर आधी म्हणाले तुमचा मीटर खराब आहे. मी त्यांचाच डिजिटल मीटर मागितला, तो द्यायला तयार नाहीत. मग म्हणाले इलेक्ट्रॉनिक मालाला गॅरंटी नसते. चिठ्ठी दाखवली आणि ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करतो म्हटल्यावर अडॅप्टरचे पैसे दिले, फ्लॅशचे आणि कॅमेऱ्याचे नाहीत. मी तक्रार नोंदवली आहे. चिठ्ठी नसती तर तेवढंही मिळालं नसतं, म्हणून "व्होल्टेज किती, कुठल्या मीटरनं मोजलं" हे बिलावर लिहूनच घ्या, बिलाशिवाय तर घेऊच नका.

स्वतः मोजायचं असेल तर नवे सेल घाला, दिवा लागल्यावर अजून मिनिटभर थांबा, टेस्ट बटणानं एकदा फ्लॅश मारा, परत चार्ज होऊ द्या. डिजिटल मीटर डीसीच्या सगळ्यात वरच्या रेंजवर, ६०० किंवा १०००, लाल वायर मधल्या पिनला, काळी बाजूच्या धातूच्या काँटॅक्टला. सेल उतरलेले असले तरी आकडा कमी येतो, ही पण एक युक्ती विकणारे करतात. बोटं पिनला लावू नका आणि फ्लॅश उघडायच्या भानगडीत अजिबात पडू नका, आतला कॅपॅसिटर बंद केल्यावरही बराच वेळ भरलेला राहतो, जिवावर बेतू शकतं.

व्होल्टेज जास्त निघालं तरी फ्लॅश फेकायची गरज नाही. वाइन (Wein) कंपनीचा सेफ-सिंक नावाचा अडॅप्टर असतो, त्यात खरं सर्किट आहे आणि कॅमेऱ्याकडे ६ व्होल्टच्या आत जातात. पण तोही फ्लॅश चार्ज करून खालच्या बाजूला मोजून बघा, नक्कल मिळू शकते. नाहीतर माझ्या मते सगळ्यात चांगलं म्हणजे ऑप्टिकल स्लेव्ह (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड ओळखून फ्लॅश पाडणारा छोटा सेन्सर), फ्लॅश स्टँडवर बाजूला ठेवायचा आणि कॅमेऱ्याच्या आतल्या छोट्या फ्लॅशच्या उजेडावर तो पडतो, वायरीचा संबंधच येत नाही. माझा २८३ आता तसाच वापरतोय, आतला फ्लॅश सुदैवानं शाबूत आहे.

पुण्यात कुणाकडे जुना फ्लॅश असेल आणि मीटर नसेल तर कॅमेऱ्यावर लावायच्या आधी मला सांगा, मी मोजून देईन, पैसे वगैरे काही नको, फक्त नवे सेल घेऊन या.