लग्न नेमणुकीच्या देशात की घरी परतून? परदेशातील स्वयंसेवक जोडप्यांसाठी एक तुलना

परदेशात स्वयंसेवक म्हणून काम करताना दोघांचे जुळले आणि लग्न करायचे हेही नक्की झाले, की पुढे एक व्यावहारिक प्रश्न उरतो. लग्न नेमणुकीच्या देशातच करावे, की रजा काढून अथवा मुदत संपवून घरी येऊन करावे? मी ही निवड केलेली आहे, त्यामुळे माझा कल पुढे दिसेलच, तो लपवण्याचा आग्रह नाही. मात्र प्रत्येकाची घरची परिस्थिती आणि कराराच्या अटी निराळ्या असतात, तेव्हा माझा अनुभव हा नियम समजू नये.

आमची केळीची शेती जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात आहे, आणि त्याच बळावर मला टांझानियातील कागेरा भागात, व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेला, केळीउत्पादकांसोबत काम करण्याची नेमणूक मिळाली होती. (आपण केळी पिकवून खातो, तिकडे कच्ची शिजवून जेवतात, बागेतली कामे मात्र बरीचशी ओळखीची.) माझी पत्नी केरळातील कोट्टायमची ख्रिश्चन, पेशाने परिचारिका, त्याच भागातील एका रुग्णालयात स्वयंसेवक होती. दोघेही भारतीय नागरिक, धर्म वेगळे, आणि दोघांचीही घरे नेमणुकीपासून सारखीच दूर, असा आमचा मामला होता.

संस्थेच्या नियमांवर फार वेळ घालवत नाही, कारण ते ज्याचे त्याने करारात वाचावेत. सर्वसाधारण चित्र असे, की लग्नाला मनाई नसते, पण लग्न झाले म्हणून दोघांना एकाच गावी ठेवण्याची हमीही नसते. १९६१ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक संस्थेत विवाहित जोडप्यांना एकत्र पाठवतात, मात्र दोघांनीही अर्ज करून दोघांचीही निवड व्हावी लागते. सेवाकाळात लग्न करायचे तर नेमणुकीच्या देशातील संस्थाप्रमुखाची आधी परवानगी लागते. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० मध्ये स्थापन झाला आणि त्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे; तेथे नेमणुकीची ठिकाणे कुटुंब नेता येण्याजोगी आणि न नेता येण्याजोगी अशी विभागलेली असतात. तुमची नेमणूक दुसऱ्या प्रकारात मोडत असेल, तर लग्न कोठेही करा, त्याने एकत्र राहण्याचा प्रश्न सुटत नाही.

आता घरच्या बाजूचा विचार करू. वधूवर दोघेही हिंदू, बौद्ध, जैन वा शीख असतील, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार विधी करून नंतर नोंदणी करता येते. त्यासाठी आगाऊ नोटीस लागत नाही आणि महिनाभराच्या रजेत सगळे आटोपते. धर्म वेगळे असले, की १९५४ चा विशेष विवाह कायदा येतो, आणि स्वयंसेवकाची अडचण तेथे सुरू होते. ज्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाचे नोटिशीपूर्वी सलग किमान तीस दिवस वास्तव्य हवे; त्यानंतर हरकतींसाठी आणखी तीस दिवस थांबायचे; आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर ती रद्द होऊन सगळे पुन्हा पहिल्यापासून. आमच्या करारात महिन्याला अडीच दिवस या हिशेबाने रजा साठत असे, म्हणजे वर्षाचे तीस दिवस. एकाची अख्ख्या वर्षाची रजा जळगावात नुसते वास्तव्य दाखवण्यात संपली असती आणि नोटिशीचा काळ बिनपगारी काढावा लागला असता. म्हणजे आंतरधर्मीय जोडप्याला घरचा नोंदणी विवाह हा पर्याय व्यवहारात मुदत संपल्यावरच उपलब्ध आहे.

नेमणुकीच्या देशात दोन वाटा असतात. एक तेथील कायद्याची: टांझानियात १९७१ च्या विवाह कायद्याप्रमाणे एकवीस दिवसांची नोटीस देऊन दिवाणी पद्धतीने लग्न करता येते. त्या कायद्यात एकपत्नी आणि बहुपत्नी असे दोन्ही प्रकार मान्य आहेत, आणि दिवाणी लग्न सहसा एकपत्नीच धरले जाते, एवढे सासरच्या मंडळींना आधीच सांगून ठेवलेले बरे. दुसरी वाट भारताच्या १९६९ च्या विदेशी विवाह कायद्याची. दोघांपैकी एक जरी भारतीय असला, तरी भारतीय दूतावासातील वा उच्चायुक्तालयातील विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न लागते. वास्तव्याची अट तीसच दिवसांची आहे, पण ती त्या देशातल्या वास्तव्याची असल्यामुळे आपण काम करता करताच पूर्ण होते. हरकतींसाठी येथेही तीस दिवस आहेत, पण ते दिवस आपण आपल्या गावी, आपल्या कामावर काढतो. आणि नोटीस सहा महिने चालते. मिळणारे प्रमाणपत्र भारतीय कायद्याचेच असल्याने पुढे परक्या देशाच्या कागदावर शिक्के मारून घेण्याची यातायात उरत नाही, म्हणून आम्ही हीच वाट घेतली.

परंतु प्रामाणिकपणे सांगायचे, तर निर्णय कायद्याने झाला नाही. तो तारखेने झाला.

आमचा मूळ बेत असा होता, की मधल्या रजेत रावेरला विधी आणि कोट्टायमला चर्चमधले लग्न करून घ्यावे आणि कायदेशीर नोंदणी मुदत संपल्यावर सावकाश करावी. रविवारी संध्याकाळी नेट जरा बरे चालत असे, तेव्हा एका फोनवर आमचे नाना भिंतीवरचे कालनिर्णय उतरवून मांडीवर घेऊन बसत आणि दुसऱ्या फोनवर हिचे वडील चर्चची दिनदर्शिका समोर धरून बसत. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, म्हणून आमच्याकडे नाही. तुळशीचे लग्न लागून मुहूर्त सुरू होतात न होतात, तोच डिसेंबर उजाडतो आणि त्यांच्याकडे नाताळापूर्वीचा उपवासाचा काळ सुरू होतो, म्हणून तिकडे नाही. नाताळ सरला की लवकरच पौष लागतो, आणि पौषात लग्न म्हटल्यावर नाना फोन आईकडे देत. माघ-फाल्गुनात ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास येतो, त्यात चर्चमध्ये लग्ने लावत नाहीत. उरता उरले ईस्टरनंतरचे एप्रिल-मे. आमच्या भागात तेव्हा पारा पंचेचाळिशीच्या घरात असतो, पण खान्देशात लग्ने उन्हातच लागतात, त्याची तक्रार कोणी केली नसती. अडचण होती ती कागेऱ्याची. मार्च ते मे हा तेथील मोठ्या पावसाचा, नव्या लागवडीचा काळ असतो, आणि रोगमुक्त रोपे वाटण्याच्या ऐन दिवसांत मला रजा मिळणे शक्य नव्हते. एवढ्यातूनही पावसाळ्याच्या शेवटी एक आठवडा सापडला होता. तेव्हा धाकट्या बहिणीचे लग्न ठरले आणि सख्ख्या भावंडांची दोन मंगलकार्ये सहा महिन्यांच्या आत नकोत, म्हणून तोही गेला. ‘काय रे भो, एवढी घाई कशाची? लग्न काय पळून चाललं?’ हे नानांचे म्हणणे त्यांच्या जागी बरोबरच होते. घरी बसलेल्या माणसाला तारीख पुढे ढकलणे म्हणजे पान उलटणे असते. करारावर असलेल्याला मंजूर झालेली रजा रद्द करणे, बदली माणसाची विनवणी करणे आणि पुढच्या वेळी वरिष्ठांनी अर्जाकडे संशयाने पाहणे असते.

या तारखांच्या ओढाताणीत कोणाचा दोष होता असे मी म्हणणार नाही. घरच्या लग्नाची तारीख दोन घरांची, भाऊबंदांची, पंचांगाची आणि शेताची असते. तिच्यात वधूवरांचा वाटा सर्वांत लहान असतो, आणि ज्याच्याकडे वर्षाचे तीसच दिवस आहेत त्याला ते परवडत नाही. उच्चायुक्तालयाच्या नोटिशीला सहा महिन्यांची सवलत होती आणि तिला मुहूर्त लागत नव्हता.

तिथल्या लग्नात काय गमावले, तेही सांगणे भाग आहे. कागेऱ्यातून उच्चायुक्तालयासाठी दार-ए-सलामला जायचे म्हणजे हजार किलोमीटरहून अधिक बसप्रवास, तोही नोटीस द्यायला एकदा आणि लग्नाला एकदा. कायद्याला तीन साक्षीदार लागतात. आमचे साक्षीदार सहकारी होते, चांगले होते, पण तिघांपैकी एकालाही अक्षता कशा टाकायच्या हे ठाऊक नव्हते. हळद नाही, मांडव नाही, आईने डोळे पुसणे नाही. घरच्यांचा समारंभ आम्ही पुढे मुदत संपल्यावर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास केला, वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांच्या भाजीची पंगत उठवली, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तेवढ्याने भावकीचे निम्मे समाधान झाले. उरलेले निम्मे अजून अधूनमधून ऐकावे लागते. आईने लग्न पाहिले नाही हे ती बोलून दाखवत नाही, पण बहिणीच्या लग्नाचा अल्बम पाहुण्यांना जरा जास्तच वेळ दाखवते.

म्हणून दोघांचे धर्म हिंदू विवाह कायद्यात बसत असतील, घरची मंडळी तारखेबाबत सैल असतील, किंवा मुदत संपून पुढची नोकरी धरेपर्यंत हाताशी तीन-चार महिने मोकळे असतील, तर घरीच करावे हे मीही म्हणेन. विधी, नोंदणी आणि आईवडील एकाच ठिकाणी मिळणे ही लहान गोष्ट नाही. पण दोन धर्म, दोन पंचांगे आणि एक करार असा योग असेल, तर मला तरी तिथल्या लग्नाचे पारडे जड वाटते. शिवाय विवाहित म्हणून नोंद झाल्यावर उरलेल्या काळात आम्हाला एकत्र घर मिळाले, हा फायदा घरच्या लग्नाची वाट पाहत बसणाऱ्यांना मिळत नाही. अर्थात आमची दोन्ही ठिकाणे जवळ होती म्हणून तो मिळाला.

ही वाट धरणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र नोटीस देण्याआधी करावी. विदेशी विवाह कायद्याखालील नोटिशीला भारतातही प्रसिद्धी द्यावी लागते, आणि आपल्याकडची वस्ती अशी, की जळगावात कोणाच्या नजरेस पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत रावेर-सावद्याला पोहोचते. घरच्यांना बातमी भावकीकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू द्या, आणि फोन करताना समोर कालनिर्णय नसेल अशी वेळ पाहा.