हरणारा क्लब: विलीन व्हावा की तग धरावा?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधले दोन वाईट हंगाम शेजारी शेजारी ठेवून बघा. 1996 मध्ये मेलबर्न शहरातल्या फिट्झरॉय क्लबने 22 पैकी 1 सामना जिंकला, 2013 मध्ये त्याच शहरातल्या मेलबर्न क्लबने 2. मैदानावर दोघांचीही सारखीच धूळधाण. 2013 मध्ये एसेंडन क्लबने मेलबर्नला 148 गुणांनी लोळवलं. एका गोलचे 6 गुण, म्हणजे जवळपास 25 गोलांचा फरक!

खरा फरक तिजोरीत होता. 1883 पासूनचा फिट्झरॉय कर्जात बुडालेला. हंगाम चालू असतानाच ब्रिस्बेन शहरातल्या बेअर्स क्लबशी त्याचं विलीनीकरण ठरलं. मेलबर्नला मात्र लीगने पैशाचा आधार दिला. प्रशिक्षक बदलला, ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, 2014 ला पेट्राका आणि 2015 ला ऑलिव्हर हे खेळाडू आले, आणि 2021 मध्ये 57 वर्षांनी अजिंक्यपद मिळालं.

विलीनीकरणही वाया गेलं नाही, हे मान्य. त्यातून बनलेल्या ब्रिस्बेन लायन्सने 2001 ते 2003 सलग तीनदा बाजी मारली, तीही जर्सीवर फिट्झरॉयचा सोनेरी सिंह मिरवत. तरीही मला मेलबर्नचाच रस्ता पटतो. फिट्झरॉयच्या गल्ल्यांमधल्या माणसांचा सिंह जिंकला खरा, पण हजाराहून जास्त किलोमीटर दूरच्या ब्रिस्बेनचा होऊन.