मशीन चांगलंय, पण पट्टा दंड मोजून घ्या

आईसाठी दंडावर लावायचं बीपीचं मशीन घेतलं त्याला साडेतीन महिने झाले, रोज वापरतोय, म्हणून आता लिहितेय. आईला शुगर १४ वर्षांपासून आहे. दवाखान्यात वरचं बीपी कायम १५० च्या पुढे आणि बाहेर आलं की म्हणणार मला काय धाड भरलीये, शेवटी डॉक्टरच म्हणाले आठवडाभर घरी मोजा आणि आकडे लिहून आणा.

पहिल्याच दिवशी १६२. दुसऱ्या दिवशी १५८. मी घाबरून लोणचं पापड सगळं बंद केलं, घरात दोन दिवस अबोला. मग सहज पट्ट्यावर बारीक अक्षरात छापलेलं वाचलं, २२ ते ३२ सेंमी. शिलाईच्या टेपने आईचा दंड मोजला तर ३५! पट्टा लहान पडला की आकडा जास्तच दाखवतो, मशीनचा दोष नाही, पण हे विकताना कोणी सांगत नाही राव. मोठा पट्टा वेगळा मागवला, त्याचे पैसे वेगळे, यायला १२ दिवस. आल्यावर दोन्ही पाठोपाठ लावून बघितले, जुना १५६, नवीन १४४.

बाकीची गडबड आमचीच होती. आई चहा पिऊन लगेच हात पुढे करायची आणि पट्टा फुगत असताना दूधवाल्याचा हिशोब विचारायची 😄 आता चहानंतर अर्धा तास थांबायचं, लघवीला जाऊन यायचं, खुर्चीला पाठ टेकून पाय जमिनीवर, हाताखाली उशी, पाच मिनिटं गप्प. सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि रात्री दोनदा, मधे एक मिनिट. सात दिवसांचे आकडे, त्यातला पहिला दिवस सोडून सरासरी काढली, १३८/७६ आली. घरच्या मशीनवर १३५/८५ च्या वर गेलं की जास्त धरतात, आणि शुगर असल्यामुळे आईला १३०/८० च्या खाली ठेवायचंय असं डॉक्टर म्हणाले.

पण मशीनचे पैसे खरे वसूल झाले ते वेगळ्याच गोष्टीत. आई पूजा करून उठली की देव्हाऱ्याचं दार धरून उभी राहायची, आम्हाला वाटायचं गुडघे. डॉक्टरांनी उभं राहूनही मोजायला सांगितलं होतं, तर बसून १३६ आणि उठल्यावर एका मिनिटात १०८. जुन्या शुगरने नसांवर परिणाम होतो, मग उठल्यावर बीपी सावरत नाही. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कळवा म्हणाले होते, तसं कळवलं, त्यांनी एका गोळीची वेळ बदलली. नुसतं बसून मोजलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता.

मशीनबद्दल म्हणाल तर आकडे मोठे दिसतात, आईला चष्म्याशिवाय वाचता येतात. चार पेन्सिल सेल लागतात, अ‍ॅडॉप्टर डब्यात नाही. सेल काढले की तारीख वेळ परत लावत बसा, वैताग आहे. मोबाईल अ‍ॅप मी दोन दिवसांत काढून टाकलं, आई कालनिर्णयच्या चौकटीत पेनाने लिहिते आणि डॉक्टरांनाही तेच पान आवडतं.

चार स्टार. एक कापला तो पट्ट्यासाठी, दुकानात दंड मोजायला एक टेप ठेवली तर काय बिघडतं.