कार्पेट सुकवण्याच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या आमच्या कुटुंबाची गेल्या जुलैमध्ये भिजलेले कार्पेट सुकवून देण्याच्या नावाखाली पद्धतशीर फसवणूक झाली. टेलिफोनवर जेमतेम ३,००० रुपयांचे सांगितलेले काम शेवटी ३१,००० रुपयांच्या वर गेले आणि एवढे होऊनही कार्पेट सुकले नव्हते. पैसे गेल्याचे दुःख आहेच. पण ज्या रीतीने रोज आमच्या डोळ्यांसमोर ‘पुरावा’ ठेवून ते काढले गेले, ती रीत इतकी पटण्याजोगी होती की ती तपशिलात लिहिणे आवश्यक वाटते. तक्रार प्रलंबित असल्याने व्यवसायाचे नाव येथे देत नाही. तसेही या लोकांची नावे दर पावसाळ्याला बदलतात, असे आता कळते आहे.

आमच्याकडे एकाच खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आहे. पत्नी घरी गायनाचे वर्ग घेते आणि खालच्या मजल्यावरच्या वयस्कर जोडप्याला त्याचा त्रास होऊ नये म्हणून कार्पेटखाली फोमचा जाड थर घातलेला आहे. या खोलीच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आहे. तिथल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राला जाणारी बारीक पांढरी नळी रात्री जोडापासून निसटली आणि सकाळपर्यंत पाणी दाराच्या फटीतून आत येऊन जवळजवळ सगळी खोली भिजली. पाणी नळाचे, स्वच्छ होते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. कारण गटाराचे किंवा संडासाचे पाणी शिरले असते, तर कार्पेट आणि फोम दोन्ही टाकून देण्यावाचून गत्यंतर नसते.

इंटरनेटवर शोधल्यावर सर्वांत वर आलेल्या क्रमांकावर मी फोन केला. पलीकडच्या माणसाने पहिल्याच वाक्यात सांगितले की ४८ तासांत कार्पेट सुकले नाही, तर बुरशी धरते आणि मग ते वाचत नाही. हे खोटे नाही. ओल तशीच राहिली, तर २४ ते ४८ तासांत बुरशीची वाढ सुरू होऊ शकते, असे या विषयातले जाणकारही सांगतात. या फसवणुकीची खुबी इथेच आहे: भीती खरी असते आणि तिच्या आधारावर पुढचे सगळे रचलेले असते. दर विचारला, तेव्हा चौरस फुटाला १८ रुपये सांगण्यात आले. खोली १२ बाय १४ फुटांची, म्हणजे १६८ चौरस फूट. हिशेब सरळ होता. निम्मी रक्कम आगाऊ मागितली ती आम्ही पाठवली. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण अशा सकाळी नीट समजते.

दुपारी दोन मुले आली. त्यांनी एका छोट्या घरगुती व्हॅक्यूमने वरवर फिरवल्यासारखे केले, दोन पंखे लावले आणि हवेतील ओल खेचणारे यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, खोलीच्या मधोमध ठेवले. जाताना दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. बाहेर पाऊस कोसळत असताना खिडक्या कशाला, असे पत्नीने विचारले, तर “काकू, हवा खेळती पाहिजे, नाहीतर कुबट वास येतो,” असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राची टाकी पाण्याने काठोकाठ भरलेली होती. त्या मुलाने ती बादलीत रिकामी करून दाखवली, तिचा फोटो काढून मला पाठवला आणि म्हणाला, “सर, बघा, एवढं पाणी तुमच्या कार्पेटमध्ये होतं. अजून बरंच आहे.” हा प्रकार रोज सकाळी होत राहिला. भरलेली टाकी डोळ्यांनी पाहिल्यावर कोण शंका घेणार?

या टाकीचा हिशेब मी नंतर सावकाश बसून मांडला. आमच्या खोलीचे आकारमान सुमारे ४५ घनमीटर आहे. पावसाळ्यातल्या आपल्याकडच्या हवेत, तीस अंशांच्या आसपास तापमान आणि ८५ टक्क्यांच्या जवळपास आर्द्रता धरली, तर एका घनमीटरमध्ये साधारण २५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. म्हणजे खिडक्या-दारे बंद असतील, तर त्या संपूर्ण खोलीच्या हवेत जेमतेम एक लिटरभर पाणी असेल, आणि त्याहून जास्त जे टाकीत येईल ते मुख्यतः भिजलेल्या वस्तूंमधूनच आलेले असेल. पण खिडक्या उघड्या असल्या, की यंत्र रात्रभर बाहेरून येणारी ओली हवा थंड नळ्यांवरून नेऊन तिचेच पाणी करत बसते. कार्पेट ठणठणीत कोरडे असते, किंबहुना त्या खोलीत कार्पेट नसतेच, तरी आमच्या येथे जुलैमध्ये ती टाकी भरलीच असती. रोज सकाळी आम्हाला दाखवले जाणारे पाणी घोडबंदरच्या पावसाचे होते आणि यंत्राचे दिवसाचे भाडे मात्र आमच्या नावावर चढत होते.

दुसरा पुरावा ओल मोजणाऱ्या मीटरचा. हातात मावणारे यंत्र, पुढे दोन सुया आणि वर आकडा दाखवणारा पडदा. सुयांमधून बारीक वीजप्रवाह सोडला जातो. वस्तू जितकी ओली तितका तो सहज जातो आणि आकडा वाढतो. अशा मीटरची टक्केवारी बहुधा लाकडासाठी बसवलेली असते; कार्पेट, सिमेंट किंवा फोमवर तोच आकडा टक्के म्हणून वाचता येत नाही, आणि दोन्ही सुयांना नुसते बोट लावले तरी तो वर जातो. आम्हाला पहिल्या दिवसापासून दर भेटीत हा आकडा दाखवला जाई आणि त्यावरून अजून दोन दिवस यंत्रे ठेवावी लागतील, असे ठरे. शेवटच्या दिवशी आकडा अचानक खाली आला आणि काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. सुदैवाने पत्नीने दोन्ही वेळचे व्हिडिओ काढून ठेवले होते. ते लागोपाठ पाहिले, तर फरक लगेच दिसतो: पहिल्या व्हिडिओत सुया मुळापर्यंत खाली रुतवलेल्या आहेत, तर शेवटच्या व्हिडिओत त्या कार्पेटच्या केसांच्या टोकांना कशाबशा टेकलेल्या असून त्यांचे चकाकणारे पोलाद अर्ध्याहून अधिक उघडे आहे. पंख्याखाली वरचे केस पहिल्या दिवशीच कोरडे झाले होते. आकडा त्यांना हवा तेव्हा वर होता आणि त्यांना हवा तेव्हा खाली आला.

मधल्या काळात बुरशीनाशक फॉगिंगही झाले. लिंबाच्या वासाचा धूर खोलीत सोडून त्याचे वेगळे ६,५०० रुपये लावण्यात आले. खाली फोम ओला असताना वरून काहीही फवारले, तरी बुरशीला लागणारे पाणी तिथेच राहते. पण त्या वासाने खोली स्वच्छ झाल्यासारखी वाटते खरी.

सगळे आटोपून खोली पुन्हा लावल्यानंतर आठवड्याच्या आतच मातकट, आंबूस वास येऊ लागला. त्या व्यवसायाने आधी चालढकल केली, मग फोन उचलणेच बंद केले. तेव्हा हे कार्पेट ज्यांनी मुळात बसवले होते, त्या काकांना बोलावले. त्यांनी कोपऱ्यात गुडघ्यावर बसून पक्कडीने कार्पेटची कड कडेच्या खिळ्यांच्या पट्टीवरून उचकटली. पट्टीचे लाकूड काळे पडले होते, खिळे गंजले होते आणि पांढऱ्या लादीवर प्रत्येक खिळ्याखाली तांबूस ठिपका उमटला होता. काकांनी फोम दोन बोटांत दाबला, तर त्यातून पाण्याची धार लागली. “साहेब, ही कड कोणी उचललेलीच नाही,” एवढेच ते म्हणाले.

मग कार्पेट खरोखर सुकवायचे म्हणजे काय करायचे, हे त्यांनीच करून दाखवले. आधी पाणी पाणी म्हणूनच बाहेर ओढायचे, वाफ करून नव्हे. त्यासाठी पाणी खेचणारा मोठा व्हॅक्यूम दाबून, संथपणे, पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. हे न करता पंखे लावणे म्हणजे चादर न पिळता दांडीवर टाकणे. त्यानंतर कड उचलून फोम काढायचा. भिजलेला जाड फोम सुकवण्याच्या भरीस न पडता तो बदलणे बहुतेकदा स्वस्त पडते, आणि आम्हालाही तो सुकवण्याच्या बिलाच्या चौथाईहून कमी खर्चात बदलून मिळाला. मग कार्पेट आणि लादी यांच्यामध्ये पंख्याची हवा जाऊ द्यायची, खिडक्या बंद ठेवायच्या आणि डीह्युमिडिफायर किंवा निदान एसी ‘ड्राय’वर चालवायचा. पावसाळा संपल्यावर बाहेरची हवा कोरडी असते तेव्हा खिडक्या उघडून भागते, जुलैमध्ये नाही. शेवटी लादीवर प्लॅस्टिकचा दीड फुटी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवला. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव नव्हते, तेव्हाच त्यांनी नवीन फोम अंथरला. या परीक्षेला पंधरा-वीस रुपयांची चिकटपट्टी पुरते.

कामाला कोणी बोलावणार असाल, तर फोनवरच दोन गोष्टी विचारून पाहाव्यात: पहिल्या दिवशी पाणी कशाने ओढणार आणि कार्पेटची कड उचलणार की नाही. ज्याला हे काम येते तो यांची उत्तरे न अडखळता देतो. चौरस फुटाचा दर सांगितला, तर तो संपूर्ण कामाचा आहे की प्रत्येक यंत्राचे रोजचे भाडे त्यावर वेगळे आहे, हे लेखी घ्यावे. आमच्या बिलात तोच १६८ चौरस फुटांचा आकडा पाणी काढणे, सुकवणे आणि निर्जंतुकीकरण अशा तीन ओळींत तीनदा लावलेला आहे.

बिलाबद्दल आणखी एक. त्यावर १८ टक्के जीएसटी आकारलेला होता आणि खाली एक क्रमांकही छापलेला होता. जीएसटी क्रमांकात १५ अक्षरे-अंक असतात आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ ने होते. आमच्या बिलावरचा क्रमांक १४ चाच निघाला. जीएसटीच्या अधिकृत पोर्टलवर लॉगिन न करताही कोणताही क्रमांक तपासता येतो. शिवाय यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव आले, ते व्यवसायाचे नव्हते, एका व्यक्तीचे होते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आहे. तिथून तोडगा निघाला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. बिल, यूपीआयच्या पावत्या, रोजच्या टाकीचे फोटो, मीटरचे दोन्ही व्हिडिओ आणि काकांनी कड उचलतानाचे चित्रीकरण असे सगळे एकत्र केले आहे. यातले टाकीचे फोटो सर्वांत उपयोगी पडतील असे वाटते, कारण ते त्यांनी स्वतः पाठवलेले आहेत आणि प्रत्येक फोटोत मागची उघडी खिडकी स्पष्ट दिसते.