सरकारी वकिलाची सेवा: फुकट आहे, पण वापरता यायला हवी

फौजदारी खटल्यात फिर्यादीने स्वतःचा वकील लावलाच पाहिजे, हा गैरसमज कोर्टाच्या आवारात अजून फिरतो आणि त्यावर काहींचं बरं चालतं. खटला शासनाचा असतो. तो दंडाधिकारी कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता चालवतो (सगळे एपीपीच म्हणतात), सत्र न्यायालयात सरकारी वकील. फी शून्य, वकीलपत्रही नाही. मात्र हा वकील शासनाचा, तुमचा नव्हे. तो फोन करून तारीख कळवेल ही आशा सोडा. ई-कोर्टच्या ॲपवर सोळा अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक खटल्याचा ओळख क्रमांक) टाकून आपणच बघायची.

टीव्हीवर दिसतात ते उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील, एकेका खटल्यासाठी नेमलेले. त्या नेमणुकीला किमान १० वर्षांची वकिली लागते. आपल्या वाट्याला येतो तो एमपीएससीतून आलेला एपीपी आणि त्याच्या टेबलावरचा फायलींचा ढीग. तुमची फाइल तो बरेचदा त्याच सकाळी उघडतो. या सेवेतला मोठा दोष हाच, आणि त्यावर उपाय एकच: साक्षीच्या दिवशी कोर्ट बसायच्या आधी पोचून त्याला भेटायचं.

एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घरीच वाचून या. पोलिसांनी जबाब वाचून दाखवून ‘असंच बोला’ सांगितल्याचं उलटतपासात निघालं, तर साक्षीवर पाणी फिरू शकतं. सरतपासात, म्हणजे साक्षीदार बोलावणाऱ्या बाजूच्याच वकिलाने घेतलेल्या पहिल्या तपासणीत, सरकारी वकिलाला उत्तर सुचवणारा प्रश्न विचारता येत नाही. तो ‘मग काय झालं?’ एवढंच विचारणार, क्रम तुम्हीच धरायचा. जबाबात नसलेली महत्त्वाची गोष्ट कोर्टात पहिल्यांदा बोललात की बचावाचा वकील ‘ओमिशन’ (ही गोष्ट जबाबात नव्हती, हा मुद्दा) काढतो आणि पुढे तपास अधिकाऱ्याच्या तोंडून ते शाबीत करून घेतो. म्हणून सुटलेली गोष्ट तपास चालू असतानाच पुरवणी जबाबात घालून घ्यावी.

चोरीच्या केसमध्ये आणखी एक खोळंबा: साक्षीदार हजर, पण मुद्देमाल आलेला नाही. दागिना ओळखायचा असेल तर पाकीट, त्यावरचं सील आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी कोर्टात पोचली का, हे पैरवी अंमलदाराला (कोर्टाचं काम बघणाऱ्या पोलिसाला) आधीच विचारा.

खासगी वकील लावलाच, तरी तो सरकारी वकिलाच्या सूचनेनुसारच काम करतो. पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. गुंतागुंतीच्या केसमध्ये तेवढाही उपयोगी पडतो, साध्या मारहाणीत पैसे वाया. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत एक सुधारणा मात्र चांगली आहे: सरकारला खटला मागे घ्यायचा असेल, तर पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय कोर्टाला परवानगी देता येत नाही. आरोपी सुटला तर पीडिताला स्वतः अपील करता येतं, शासनाच्या निर्णयाची वाट बघत बसू नये.

या सेवेला पाचपैकी साडेतीन गुण. कापलेल्या दीड गुणांपैकी अर्धा साक्षीदारांना बसायला बाक नसतो म्हणून.